आम्ही कारण पुरवायचो

तासगाव तालुक्यातल्या एका बेदाणा उत्पादक गटाच्या सचिव असलेल्या ताईंचा प्रश्न आहे. शालेय पोषण आहारात बेदाणा द्यावा, एवढ्या एका मागणीसाठी त्यांच्या गटाने दोन वर्षांत पाच निवेदनं दिली. आमदारांना दिलं, खासदारांना दिलं, एकदा मुंबईला जाऊन थेट मंत्र्यांच्या हातात दिलं. पेपरात फोटो आला, पुढे काही नाही. मग मोठ्या कंपन्यांचे लॉबीवाले असं वेगळं काय करतात? की सगळं पाकिटावरच चालतं?

मी सांगलीचा. बावीस वर्षं एका व्यापारी-प्रक्रियादार संघटनेचं मुंबई-दिल्लीतलं काम पाहिलं. कार्डावर ‘समन्वयक’ लिहिलेलं असायचं. घरी आई विचारायची तर ‘मंत्रालयात हेलपाटे घालतो’ असं सांगायचो, आणि ते जास्त खरं होतं. आता निवृत्त आहे, त्यामुळे थोडं मोकळेपणाने लिहितो.

पाकिटाचं आधी. पाकीट चालतं. नाही म्हणणारा माणूस एकतर मंत्रालयात कधी गेलेला नाही किंवा नुकताच काम करून परत आलेला आहे. पण पाकिटाने होतात ती कामं बहुतेक किरकोळ असतात: बदली, अडकलेलं बिल, परवाना, दोन दिवस आधी वर सरकलेली फाईल. धोरण बदलायला ते पुरत नाही. धोरणाच्या फायलीवर सात-आठ टेबलांच्या सह्या होतात, वित्त विभाग मध्ये येतो, विधी व न्याय विभाग येतो, आणि उद्या कोणी उच्च न्यायालयात गेलं तर ‘हा निर्णय का घेतला’ हे शपथपत्रावर सांगावं लागतं. ते ‘का’ आधीपासून फायलीत लिहिलेलं असावं लागतं. आम्ही ते कारण पुरवायचो. आमचा धंदा एवढाच होता.

हे मला पहिल्या वर्षी अजिबात कळलं नव्हतं. तुमच्यासारखंच शिष्टमंडळ नेलं होतं. चाळीस माणसं, फेटे, हळदीची परडी, सगळा थाट. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघालो, सकाळी मुंबईत उतरून आमदार निवासात आंघोळी उरकल्या आणि दुपारी दोनच्या पासासाठी मंत्रालयाच्या गार्डन गेटबाहेर उभे राहिलो. मंत्रिमहोदयांनी निवेदन घेतलं, आपुलकीने चौकशी केली, पेन काढून कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. आम्ही खूश. सात महिन्यांनी कळलं की तिथे ‘उचित कार्यवाही करावी’ असं लिहिलं होतं. त्या तीन शब्दांचं मंत्रालयातलं मराठी भाषांतर ‘काही करू नये’ असं होतं. निवेदन चार टेबलं फिरून नस्तीबद्ध, म्हणजे फायलीत बंद, झालं होतं.

पुढे मी हे शेरे वाचायला शिकलो. ‘नियमानुसार कार्यवाही’ म्हणजे नियम तुमच्या विरुद्ध असेल तर नकार पक्का. ‘तपासून सादर करावे’ आलं की कुणाच्या तरी टेबलावर फाईल उघडणार, कारण परत सादर करण्याचं बंधन आलं. ‘प्रस्ताव सादर करावा’ हे सोनं. लॉबीवाला माणूस मंत्र्यांकडे जातो तो हा शेरा मिळवायला, आणि त्याआधी त्याने खाली जाऊन विचारून ठेवलेलं असतं की असा शेरा आला तर तुम्हाला प्रस्ताव करता येईल का, काय काय कागद लागतील. म्हणजे वरचा शेरा येतो तेव्हा खालचा कागद तयार असतो. तुमच्या शिष्टमंडळाने उलटा प्रवास केला. आधी वर गेलात, आणि खाली कोणाला भेटलाच नाहीत.

खाली म्हणजे कुठे? कक्ष अधिकारी किंवा कार्यासन अधिकारी. मंत्रालयातल्या फायलीला दोन अंगं असतात, टिपणीची बाजू आणि पत्रव्यवहाराची बाजू. तुमचं निवेदन पत्रव्यवहारात लागतं आणि तिथेच पिवळं पडतं. निर्णय टिपणीच्या बाजूवर होतो. टिपणीची पहिली दीड पानं हा कक्ष अधिकारी किंवा त्याचा सहायक लिहितो. मग ती अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी वर चढते, आणि वर चढताना माणसं मजकुरात भर घालतात, सही करतात, क्वचित प्रश्न विचारतात. पण पहिली मांडणी सहसा मोडत नाहीत. त्या सहायकाकडे एका वेळी दोनेकशे प्रकरणं असतात. बेदाणा कसा तयार होतो हे त्याला ठाऊक असायचं काही कारण नाही. त्याला कोणीतरी व्यवस्थित, खरी, पडताळून पाहता येईल अशी माहिती दिली तर तो ती घेतो. मी दिलेल्या टिपणातले परिच्छेद पुढे जसेच्या तसे शासन निर्णयाच्या प्रस्तावनेत वाचले आहेत. त्यात लाच नव्हती. पण लोकशाहीच्या दृष्टीने ते फार निरोगी होतं असंही म्हणणार नाही, कारण त्या टेबलासमोरच्या खुर्चीत आठवड्यातून दोनदा मी बसायचो आणि ज्याच्या मालाचा प्रश्न होता तो शेतकरी एकदाही बसला नाही.

एक प्रसंग सांगतो. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि कितीतरी कागद खाक झाले. त्यानंतर एका विभागातून मला फोन आला: अमुक विषयाचा जुना पत्रव्यवहार तुमच्याकडे असेलच, प्रती मिळतील का? होत्या. मी फायली झेरॉक्स करून दिल्या. रात्री गाडीत बसल्यावर लक्षात आलं की सरकारची त्या विषयाची स्मरणशक्ती आता माझ्या कपाटातून आली आहे. मी सगळं दिलं, काही गाळलं नाही. पण गाळलं असतं तर कळलं कोणाला असतं?

आता ‘कारण’ म्हणजे काय ते आपल्याकडच्या उदाहरणांनी सांगतो. लॉबीचं खरं काम मोठ्या घोषणांपेक्षा व्याख्यांमध्ये होतं. बेदाणाच घ्या. द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळीवर वाळवली की बेदाणा. आता हा शेतमाल की प्रक्रिया केलेला माल? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला. पण बेदाण्यावर ५ टक्के जीएसटी आहे, आणि जीएसटी कायद्यात शेतकऱ्याला सूट आहे ती जमिनीच्या लागवडीतून आलेल्या उत्पन्नापुरती. वाळवलेलं द्राक्ष त्यात बसतं की नाही, यावर शेतकऱ्याच्या दारात नोंदणी येते की नाही हे ठरतं. अखेर २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५व्या बैठकीत स्पष्ट करण्यात आलं की काळी मिरी, ओली असो की वाळलेली, आणि बेदाणा, शेतकऱ्याने स्वतः पुरवला तर त्यावर जीएसटी लागत नाही. दर तोच राहिला, कायदाही तोच राहिला. एका वाक्याने अर्थ पक्का केला. आणि बघा, बेदाण्याच्या जोडीला त्या वाक्यात मिरी आहे, जी आपल्या जिल्ह्यात कोणी पिकवत नाही. तोच पेच असलेलं दुसऱ्या राज्यातलं पीक सोबत असलं की दिल्लीत मागणी ‘एका जिल्ह्याची कुरकुर’ राहत नाही, तिला तत्त्वाचं रूप येतं. हे मुद्दाम लक्षात ठेवा.

व्याख्येचा उलटा फटका उसाच्या बाबतीत बसला. केंद्राच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याने शासन निर्णय काढला: पहिला हप्ता ठरावीक उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) धरून द्या, पुणे आणि नाशिक विभागात १० टक्के, बाकी विभागांत ९.५ टक्के, आणि उरलेलं हंगाम संपल्यावर प्रत्यक्ष उताऱ्याप्रमाणे. कारखान्यांनी पुरवलेलं कारण दिसायला साधं होतं: चालू हंगामाचा उतारा हंगाम संपल्याशिवाय कळणार कसा? ऐकणारा मान डोलावतो. पण हिशेब करून बघा. २०२१-२२ ची एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, १० टक्के उताऱ्याला क्विंटलला २९० रुपये होती, त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला २ रुपये ९० पैसे. आपल्याकडे १२ टक्के उतारा काही नवलाचा नाही. म्हणजे क्विंटलला ५८ रुपये, टनाला ५८० रुपये हंगाम संपेपर्यंत कारखान्याकडे बिनव्याजी. शंभर टन ऊस घालणाऱ्याचे ५८ हजार. ‘कोणत्या हंगामाचा उतारा’ या तीन शब्दांत ही रक्कम दडलेली होती. राजू शेट्टी याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये तो शासन निर्णय रद्द झाला. पण मधले तीन हंगाम निघून गेले. लॉबीच्या हिशेबात निर्णय शेवटी टिकला नाही तरी तीन हंगाम ही जीतच असते. हे कटू आहे पण व्यवहार असाच चालतो.

मग लॉबी नेहमी जिंकते का? नाही, आणि हेही समजून घेण्यासारखं आहे. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर बंदी घातली. आठ दिवसांत, १५ डिसेंबरला, ती सैल झाली: १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत रस आणि बी-हेवी मळी (साखर पूर्ण न काढलेली मळी) वापरायला परवानगी मिळाली. त्याच साखर उद्योगाने साखरेचा किमान विक्रीदर वाढवा म्हणून वर्षानुवर्षे दिल्लीचे उंबरे झिजवले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो किलोला ३१ रुपये झाला होता. त्या हंगामानंतर एफआरपी २७५ वरून ३५५ पर्यंत गेली, पण हा ३१ चा आकडा बराच काळ जागचा हलला नाही. माणसं तीच, ओळखी त्याच, शिष्टमंडळंही तीच. फरक कुठे? इथेनॉलमध्ये बँकांचं कर्ज अडकलं होतं, तेल कंपन्यांशी करार झालेले होते, पेट्रोलमध्ये मिसळण्याचं सरकारचं स्वतःचंच लक्ष्य धोक्यात येत होतं. म्हणजे आमचा तोटा हाच तुमचाही तोटा, असं दाखवता आलं. साखरेच्या दरात मात्र समोर ग्राहक होता, सणासुदीला महाग साखर म्हणजे सरकारवर राग, आणि त्या रागाला उत्तर देईल असं कारण कोणालाच लिहिता आलं नाही. सरकारच्या अडचणीचं औषध म्हणून मागणी मांडता आली तर ती आठ दिवसांत जाते. नुसती स्वतःच्या अडचणीचं रडगाणं म्हणून मांडली की वर्षं जातात.

चिकाटीचंही एक उदाहरण आहे. सहकारी कारखान्यांनी उसाला जादा दर दिला तो नफा समजून आयकर लावला जायचा. नोटिसा, अपिलं, निवेदनं यांत दशकं गेली, सरकारं बदलली. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीची अशी देणी खर्च म्हणून दाखवायची मुभा मिळाली, आणि त्यातून सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा मिळेल असं भाषणात सांगितलं गेलं. इतकी वर्षं ती फाईल कोणीतरी जिवंत ठेवत होतं. निवेदन देणारा थकतो. लॉबीला पगार असतो, तिला थकायची परवानगी नसते.

आता जे कोणी उघड सांगत नाही ते. दुसऱ्याचा खांदा. कोणतीही कंपनी ‘आमचा नफा वाढवा’ म्हणत येत नाही. ती शेतकऱ्याला पुढे करते, रोजगाराला पुढे करते, महिला बचत गटाला पुढे करते. मीही केलं आहे. एकदा आयात शुल्काच्या एका प्रश्नावर आम्ही चार शेतकरी दिल्लीला नेले, स्वच्छ धोतर-टोपी, रेल्वेचं तिकीट आमच्याकडून. ते जे बोलले ते खोटं नव्हतं. पण त्या मागणीतला मोठा वाटा प्रक्रियादारांच्या पदरात पडणार होता हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. त्यातल्या एकाने परतीच्या गाडीत विचारलं, ‘सायेब, ह्यात आमचं नेमकं किती?’ मी विषय बदलला. आजही मार्केट यार्डात ते दिसले तर मी आधी रस्ता बदलतो.

याच चालीवर जानेवारी २०२२ चा वाईनचा निर्णय आठवून पाहा. हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला राज्य मंत्रिमंडळाने परवानगी दिली तेव्हा कारण दिलं गेलं ते द्राक्ष उत्पादकाच्या भल्याचं. आपल्याकडच्या बागायतदारांतही दोन तट पडले. अण्णा हजारे उपोषणाला बसायच्या तयारीत आले, विरोध वाढला आणि तो निर्णय अंमलात आलाच नाही. मला त्यातून धडा मिळाला तो विरोधाच्या रीतीचा: विरोधकांनी ‘शेतकऱ्याचं भलं’ या कारणाला खोडण्यावर फारसा भर दिला नाही, त्यांनी दुसरं, जास्त वजनदार कारण टेबलावर ठेवलं, घरातलं दारूचं प्रमाण. कारणाला तर्काने खोडण्यापेक्षा त्याच्यापेक्षा मोठं कारण शेजारी ठेवणं सोपं असतं.

कायद्याचं थोडक्यात. भारतात लॉबिंगची नोंदणी करणारा कायदा नाही. अमेरिकेत १९९५ चा कायदा आहे, लॉबिस्टला नाव नोंदवावं लागतं, कोणत्या विषयावर किती खर्च केला हे जाहीर करावं लागतं. त्यातूनच तर २०१२ च्या डिसेंबरात आपल्या संसदेत गोंधळ झाला: वॉलमार्टने तिथल्या अहवालात २००८ पासून सुमारे अडीच कोटी डॉलर लॉबिंगवर खर्च झाल्याचं दाखवलं होतं आणि विषयांच्या यादीत भारतातल्या बाजारपेठेचाही उल्लेख होता. म्हणजे आपल्या देशासंबंधीची लॉबिंगची बातमी आपल्याला त्यांच्या कायद्यामुळे कळली. ओडिशातले तेव्हाचे खासदार कलिकेश नारायण सिंह देव यांनी २०१३ मध्ये लोकसभेत लॉबिंग उघड करण्याचं खासगी विधेयक आणलं होतं. ते तसंच राहिलं. लाच मात्र गुन्हा आहेच, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लोकसेवकावर वजन वापरण्यासाठी मध्यस्थाने मोबदला घेणंही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात स्पष्ट आलं आहे. म्हणून कोणी ‘अमुक साहेबांकडून काम करून देतो, इतके द्या’ म्हणाला तर तो लॉबिस्ट नव्हे, दलाल. त्याला गटाच्या पैशातून चहासुद्धा पाजू नका.

मोठ्या पैशाची वाट वेगळीच असते, ती टेबलावरून जातच नाही. निवडणूक रोखे २०१८ पासून चालले, आणि १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवून रद्द केली. देणगीदाराचं नाव मतदाराला कळू न देणं हे माहितीच्या अधिकारात बसत नाही, हे त्यातलं मुख्य. दुसरी वाट निवृत्तीनंतरच्या नोकरीची. केंद्रातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर खासगी नोकरी धरायची तर पहिल्या वर्षभरात सरकारची परवानगी लागते. हा काळ आधी दोन वर्षांचा होता, तो कमी केला गेला. कोणी कोणाला काही देत नाही, काही बोलतही नाही. फक्त समोरच्या खुर्चीतल्या माणसाला ठाऊक असतं की दोन वर्षांनी आपण कुठे बसू शकतो. याला पुरावा नसतो, त्यामुळे यावर मी जास्त बोलत नाही.

विधिमंडळाचं हत्यार तुमच्या हाती आहे, आणि तुम्ही ते वापरलेलं नाही. आमदारांना निवेदन देण्याऐवजी तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं अशा प्रश्नाचा, मसुदा द्या. पाच-सहा ओळींचा, थेट: अमुक योजनेत बेदाण्याचा समावेश करण्याबाबत शासनाकडे प्रस्ताव आला आहे काय, असल्यास कोणती कार्यवाही केली, नसल्यास विलंबाची कारणं काय. प्रश्न स्वीकारला गेला की विभागाला उत्तर लिहावंच लागतं, आणि उत्तर लिहिण्यासाठी फाईल उघडावी लागते. मी कितीतरी प्रकरणांत उत्तर काय येतं याची फिकीरच केली नाही. फाईल उघडली जाणं हाच हेतू असायचा. लक्षवेधी सूचनेला जास्त वजन, पण ती मिळणं अवघड. फक्त एक काळजी घ्या: प्रश्नाच्या बदल्यात काही देणं-घेणं नाही. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून संसदेच्या अकरा सदस्यांचं सदस्यत्व गेलं होतं.

आणि ज्यांच्याकडे लॉबिस्ट नाही त्यांनी काय करायचं, याचं उत्तर निजामाबादच्या हळद उत्पादकांनी दिलं आहे. सांगलीकरांना हे टोचेल, मलाही टोचतं. २०१९ च्या लोकसभेला तिथल्या शेतकऱ्यांनी शेकड्याने अर्ज भरले. १८५ उमेदवार. निवडणूक आयोगाला मतदान यंत्रांची भिंतच उभी करावी लागली. मागणी एकच होती, हळद मंडळ. जिंकलेल्या उमेदवाराने मंडळ आणण्याचं आश्वासन स्टँप पेपरवर लिहून दिलं होतं, ते पाळलं जात नाही म्हणून लोकांनी त्याला सळो की पळो करून सोडलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेलंगणातल्या सभेत पंतप्रधानांनी मंडळाची घोषणा केली आणि १४ जानेवारी २०२५ ला राष्ट्रीय हळद मंडळाचं उद्घाटन झालं. मुख्यालय निजामाबाद. आपल्याकडे राजापुरी हळदीचं नाव, हरिपूरच्या पेवांचा (हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांचा) इतिहास, देशभर चालणारा सांगलीचा सौदा, २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, सगळं होतं. राज्याचं हळद संशोधन केंद्रही हिंगोली जिल्ह्यात वसमतला गेलं. तिथे लागवड मोठी आहे, त्यांचा हक्क मी नाकारत नाही. पण आपण गणपती पेठेत बसून ‘हळद म्हणजे सांगली’ हे स्वतःलाच सांगत राहिलो, फायलीत कोणी लिहिलं नाही.

आता तुमचा बेदाणा.

पहिलं, हे पत्र कृषी विभागाला देऊ नका. पोषण आहार शालेय शिक्षण विभागाचा विषय आहे आणि खालचं काम पुण्याला प्राथमिक शिक्षण संचालनालयात चालतं. पाच निवेदनांपैकी किती चुकीच्या दारात गेली ते तपासा.

दुसरं, अंड्याची गोष्ट अभ्यासा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं किंवा फळ द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठी राज्याने वेगळा निधी देणं थांबवलं आणि शाळांना लोकसहभागातून करा म्हणून सांगितलं. म्हणजे कल्पना मान्य, पैसे नाहीत. तुमच्या टिपणात पैशाचं उत्तर पहिल्या पानावर नसेल तर वित्त विभागाच्या दारात तेच होईल. हिशेब असा मांडा. समजा एका मुलाला आठवड्याला दहा ग्रॅम, भाव समजा किलोला दोनशे. म्हणजे मुलामागे दोन रुपये. एक लाख मुलं, चाळीस आठवडे: चाळीस टन माल, ऐंशी लाख रुपये. संपूर्ण राज्याची मागणी करू नका. एक जिल्हा, एक वर्ष, प्रायोगिक तत्त्वावर. ‘प्रायोगिक’ शब्दाला मंत्रालयात फार कमी विरोध होतो, कारण त्यात कोणाचं नाव कायमचं अडकत नाही.

आणि यात ‘बेदाण्याला भाव नाही म्हणून घ्या’ असं कुठेही लिहू नका. खरं असलं तरी. शिक्षण विभागाला तुमच्या भावाशी देणंघेणं नाही. त्यांची अडचण वेगळी आहे: अंडं फुटतं, त्यावरून वाद होतो, केळं काळं पडतं, ग्रामीण शाळेत साठवायला जागा नाही. बेदाणा शिजवावा लागत नाही, फुटत नाही, डब्यात राहतो, शाकाहारावरून कोणी आंदोलन करत नाही. हे त्यांचं कारण आहे. ते तुम्ही लिहून द्यायचं. जिल्हा परिषदेच्या पाच शाळांत गटाच्या खर्चाने दोन महिने बेदाणा देऊन बघा, मुख्याध्यापकांचे अभिप्राय घ्या आणि ते जोडा. असा कागद टिपणीच्या बाजूला जातो. फोटो जात नाही.

टिपण दोन पानांचं. वेळ ऑक्टोबरच्या आत, कारण पुढच्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळव तेव्हा सुरू होते. मार्चमध्ये जाल तर पंगत उठलेली असते. प्रत्येक पत्राचा आवक क्रमांक लिहून ठेवा. दीड महिन्याने माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका आणि नुसतं ‘काय झालं’ विचारू नका, टिपणी भागाच्या प्रती मागा. त्यात कोणत्या टेबलाने काय शंका घेतली ते दिसतं, आणि पुढचं पत्र त्या शंकेला उत्तर म्हणून लिहिता येतं. हे काम पगारी लॉबिस्ट ओळखीने करतो, तुम्ही दहा रुपयांत करू शकता. फक्त चिकाटी लागते, आणि गटात हे करणारं एकच माणूस ठरलेलं असावं लागतं.

आणि समजा, मागणी मान्य झाली. फटाके लावू नका. खरी लॉबी तेव्हा जागी होते. पुरवठ्याची निविदा निघेल, आणि तिच्यात एक अट असेल: मागच्या तीन वर्षांत इतक्या कोटींची उलाढाल. त्या एका ओळीने तुमचा गट बाहेर आणि एखादा मोठा पुरवठादार आत. तो बेदाणा तासगावचा घेईल की बाहेरून आलेला स्वस्त माल घेईल, हे तोच ठरवेल. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा उल्लेख मालाच्या वर्णनात यावा, शेतकरी उत्पादक कंपन्यांना उलाढालीच्या अटीत सवलत असावी, आणि पुरवठा तालुकावार तुकड्यांत वाटता यावा, या तीन गोष्टी तुमच्या पहिल्याच टिपणात, मागणीच्या खालोखाल लिहा. नंतर मागायला गेलात तर सांगतील, निविदा निघाली आहे, आता काही बदलता येत नाही. मसुदा तयार झाला की सांगलीत भेटा, गणपती मंदिरापाशी चहा घेऊ आणि मी लाल पेन घेऊन बसतो.